पावसातली तहान

श्रावणाची झड लागली होती. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, धुक्यात समोरची टेकडी बुडून गेली होती, आणि अशा पावसात स्वप्नील गावंडे एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात नळी धरून आपल्या कॉफीच्या झाडांना पाणी देत होते.

शेजारच्या बागेतून रोशन बेठेकर हे मघापासून पाहत होता. रोशन इथलाच, चिखलदऱ्याच्या डोंगरात जन्मलेला कोरकू माणूस. गावंडेकाकांची खोडी काढल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे.

"काका, छत्री कोनासाठी धरली हाय? तुमच्यासाठी का झाडासाठी?"

"तू चूप राय रे. झाड तहानलं हाय."

"वरून पानी, खालून पानी, अन् तहानलं?"

"माह्यावर इस्वास नाई ना तुहा? मंग इचं ऐक." काकांनी झाडाच्या खोडाला बांधलेल्या लहानशा डबीचं बटण दाबलं. डबीतून एका तरुण मुलीचा आवाज आला: "तहान लागली."

तो आवाज ईराचा होता, काकांच्या एकुलत्या एका लेकीचा. आता पोरीनं तहान लागली म्हणावं आणि बापानं म्हणावं, बाहेर पाऊस आहे, तोंड उघडून उभी राहा? गावंड्यांच्या हातून असलं काही होणं शक्य नव्हतं. त्यांनी नळी पुढच्या झाडाकडे वळवली.

नाव स्वप्नील आणि वय पासष्टीचं, हे ज्यांना चमत्कारिक वाटत असेल त्यांनी आपला जमाना मागे पडला असं खुशाल समजावं. या गोष्टीच्या काळात स्वप्नील, अमोल, राहुल ही सगळी आजोबांची नावं झाली होती. तर हे स्वप्नीलआजोबा मूळचे दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. तिथली जमीन काळीभोर, पण विहिरीचं पाणी खारट. पूर्वी पावसाच्या भरवशावर कापूस, तूर निघायची. मग उन्हाळे असे चढले की होळीला पेटलेलं ऊन मृग सरला तरी विझेना. कापसाचं फूल सकाळी उमलायचं आणि दुपारी गळून पडायचं. एका वर्षी त्या उन्हानंच काकांची बायको, मयुरी, गेली. त्यानंतर काकांचा पाय गावात ठरला नाही. ते डोंगरावर आले, जांभूळटेक नावाच्या वस्तीत, आणि कापसाचा माणूस कॉफी लावू लागला.

कॉफी हे मोठं नखऱ्याचं झाड. पृथ्वीच्या कमरेभोवती, कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधेच ते नांदतं, आणि तिथंही जागा निवडून घेतं. सखल प्रदेशात त्याला उकडतं, फार उंचावर ते गारठून मरतं. फळ पोसायला त्याला भरपूर पाऊस हवा, पण त्याआधी दोन-तीन कोरडे महिने विश्रांतीही हवी. त्या विश्रांतीच्या शेवटी, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, एक चांगली सर हवी. त्या सरीनं झोपलेल्या कळ्या जाग्या होतात आणि आठवड्याभरात झाड पांढरंशुभ्र होतं. एवढे सगळे लाड जिथं पुरवले जातात ती जागा म्हणजे कॉफीचा पट्टा.

दक्षिणेतले कॉफीचे जुने डोंगर तापू लागले तसा हा पट्टा हलायला लागला. तो वर चढला, उत्तरेकडे सरकला. चिखलदऱ्याला कॉफी इंग्रजांच्या काळापासून होती, पण आपली हौसेपुरती. आता कर्कवृत्ताच्या उंबरठ्याजवळचा हा डोंगर एकदम मोलाचा झाला. वनखात्यानं मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी लावण्यासाठी उतारावरच्या जमिनी कसायला दिल्या, अट एवढीच की जमीन नकाशावरच्या कॉफीपट्ट्यात असली पाहिजे. म्हणजे पट्टा होता तो नकाशावरचाही आणि जमिनीच्या हक्काचाही. एक गेला की दुसरा गेलाच, आणि माणसांनी डोंगर उतरायचा.

नकाशा काढायचा कसा, तर झाडांनाच विचारून. त्यासाठी ती डबी होती. झाडाच्या आत मुळापासून पानापर्यंत पाण्याचे अतिशय बारीक धागे असतात. पान वरून ओढतं, मूळ खालून पुरवतं. मुळाकडून पुरवठा कमी झाला की धागा ताणतो आणि शेवटी तुटतो. तुटताना टिचकी वाजल्यासारखा आवाज होतो, फक्त तो इतका उंच असतो की माणसाच्या कानाला लागत नाही. डबी या टिचक्या ऐकायची, मोजायची आणि त्यांचा अर्थ माणसाच्या भाषेत सांगायची. ईराचं शिक्षण भाषेचं. कूर्गच्या कॉफी प्रकल्पात यंत्राला मराठी शिकवायचं काम तिच्याकडे आलं. तिनं शब्द निवडले आणि स्वतःच्या आवाजात बोलून दिले. ऊन सोसवत नसेल तर "ताप आला". धागे तुटत असतील तर "तहान लागली". सगळं ठीक असेल तर डबी गप्प.

जांभूळटेकच्या उतारावर नमुन्याची बाग म्हणून गावंड्यांची बाग निवडली गेली. पोरगी प्रकल्पात म्हणजे बाप नीट निगा राखणार, असा वस्तीचा हिशेब. या एका बागेतल्या डब्या जे बोलतील त्यावरून अख्ख्या उताराचा पट्टा ठरायचा होता. आणि आषाढापासून त्या डब्या एकच गोष्ट बोलत होत्या.

त्याच आठवड्यात ईरा आली. बस घाटात अडकल्यानं भिजून चिंब झालेली. काकांनी चुलीपुढे बसवून तिला झुणका-भाकर वाढली. ती पोटभर जेवली. मग म्हणाली, "बाबा, एक वाईट सांगायचंय."

"लग्न मोडलं का?"

"जुळलंय कुठं मोडायला? बाबा, नवा नकाशा दिवाळीनंतर येतोय. आपला उतार त्याच्या बाहेर जाणार असं दिसतंय. इथली झाडं भर पावसाळ्यात तहानलेली आहेत. याचा अर्थ इथली हवा आता त्यांना झेपत नाही असाच निघतो."

"म्हंजे माही बाग जाईन."

"सगळ्यांच्याच जातील. रोशनदादाची, खालच्या येवल्यांची. नमुना तुमचा आहे."

काकांनी हातातला तांब्या खाली ठेवला. स्वतःचं काय, एका माणसाला कुठंही कोपरा मिळतो. पण रोशनची पोरं याच वस्तीत रांगायला शिकली होती. येवल्यांच्या म्हशींनासुद्धा या डोंगराखेरीज दुसरं काही ठाऊक नव्हतं.

"मी पानी देऊन तं राह्यलो," ते पुटपुटले. "आनखी देतो."

"पावसात पाणी देता? कशाला?"

"तूच म्हंतं ना दिवसभर, तहान लागली, तहान लागली."

"म्हणून तुम्ही फोन करत नाही होय? मला वाटायचं बाबा रागावलेत."

"फोन कायले करू? बटन दाबलं का तू बोलतंच."

"ती मी नव्हे, बाबा." तिचा आवाज एकदम चढला. "मी एका दुपारी खोलीत बसून चार शब्द बोलले. सर्दी झाली होती मला. इकडे मी रोज वाट बघते आणि तुम्ही डबीशी गप्पा मारता!"

काकांना खरंच असं वाटत होतं की लेक बागेतच आहे, झाडाझाडाला आहे. आता ती समोर बसून डोळे पुसत होती आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली की गावंडे विषय बदलत. "चाल, तुले बाग दाखवतो," ते म्हणाले. "तू गेल्यापासून लय मोठं काम केलं म्या."

मोठं काम म्हणजे माती. चिखलदऱ्याच्या उतारावरची माती तांबूस, मुरमाड. तिच्याकडे पाहून काकांचा जीव तुटायचा. "याले का माती म्हंतेत? हा तं इटांचा चुरा हाय," असं ते येईल त्याला ऐकवत. वऱ्हाडातल्या माणसाला जमीन म्हणजे काळी. तिच्या काळेपणावर सोयरिकी जुळल्या आहेत. म्हणून त्यांनी उन्हाळ्यात गावाकडच्या स्वतःच्या पडीक शेतातून ट्रॉल्या भरभरून काळी माती वर आणली आणि एकूणएक झाडाच्या बुंध्याभोवती तिचा हातभर थर दिला. अख्खी वस्ती पाहायला जमली होती. रोशननं तर आपल्यासाठीही दोन ट्रॉल्या मागितल्या होत्या, पण तेवढ्यात घाट बंद झाला.

ईरानं वाकून चिमूटभर माती उचलली. तिनं ती ओळखली. याच मातीत ती लहानपणी तुरीच्या ओळींमधून पळाली होती. याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आई न्याहारी घेऊन बसायची. तिनं ती चिमूट कपाळाला लावली.

"लई बरं केलंत, बाबा," ती म्हणाली, आणि ती मनापासून बोलली.

दुसऱ्या दिवशी पावसानं जरा दम खाल्ला. बापलेक पुन्हा बागेत गेले. ईराला डब्यांच्या टिचक्या दिवसाच्या कुठल्या वेळी जास्त पडतात ते पाहायचं होतं. ती एका झाडाशी बसून आकडे चाळत होती आणि काका चिखलात रुतलेली चप्पल उपसत होते. चप्पल निघेना. त्यांनी जोर लावला, तशी चप्पल चिखलात राहिली आणि काका मागे आदळले.

पलीकडून रोशन फिदीफिदी हसला. "काका, कुस्ती कोनासोबत हाय?"

"हसतं काय? इकडं ये अन् चालून दाखव! सारं वावर चिबडलं हाय!"

ईरानं मान वर केली. "काय म्हणालात?"

"चप्पल गेली म्हनलं."

"त्याच्यानंतर."

"चिबडलं. चिबडलं म्हंजे चिबडलं. तुले माहीत नाई का? पानी निचरलं नाई का वावर चिबडते. गावी झड लांबली का कपाशी नाई पिवळी पडे? मान टाकून देते, पान्यात उभी असून..."

एवढं बोलून काका स्वतःच थांबले. चिखलात बसल्या बसल्या त्यांनी रोशनकडे पाहिलं. रोशन आपल्या तांबड्या बागेत उभा होता, त्याच पावसात, आणि त्याच्या पायातल्या चपला जवळजवळ कोरड्या होत्या.

"रोशनदादा," ईरा म्हणाली, "तुमच्या एका झाडापाशी थोडं उकरू?"

तिनं दोन्ही बागांत हातानंच उकरलं. रोशनच्या झाडाची मुळं टवटवीत होती, त्यांची टोकं पांढरी होती. काकांच्या झाडाची मुळं काळपट पडली होती, हाताला बुळबुळीत लागत होती, आणि खड्ड्यातून सडलेल्या अंड्यासारखा वास येत होता. ईरानं हात पुसले.

"मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, बाबा," ती म्हणाली. "मातीच्या कणांमध्ये मोकळी जागा असते, त्यातून ती श्वास घेतात. इथल्या तांबड्या मातीत ही जागा भरपूर. पाऊस पडतो, पाणी खाली उतरतं, मागोमाग हवा आत येते. आपली काळी तशी नाही. ती पाण्यानं फुगते आणि सगळी भोकं बुजवून टाकते. शिवाय तिच्यात चुना, खार. कॉफीला जरा आंबट माती मानवते. मूळ गुदमरलं की पाणी ओढायचं सोडून देतं. पायाशी तळं असलं तरी वर पानाला थेंब पोचत नाही. मग धागा तुटतो, टिचकी वाजते. अगदी तहानेसारखीच."

"अन् डबी म्हंते तहान लागली."

"कारण मी तिला दुसरा शब्दच दिला नाही." ईराला रडू कोसळलं. "तहान हा किती गोड शब्द, म्हणून निवडला मी. ऐकणारा माणूस पाणी द्यायला धावेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ही माती तर मी कालच कपाळाला लावली. मला कळायला नको होतं?"

"माती म्या आनली," काका म्हणाले. "पानी म्या देल्लं. तू उगा आपल्याकडं ओढू नको."

हवा बिघडली नव्हती. डोंगर अजून कॉफीचाच होता. काकांनी स्वतःच्या हातांनी, चांगलं करायला म्हणून, आपल्या बागेपुरता तो खारपाणपट्टा करून टाकला होता. उपाय तर लहान पोरालाही कळेल असा होता. काळी माती काढून टाकायची. रोशन फावडं घेऊन आलासुद्धा. पण काका उठेनात.

"काका, उठा ना."

"थांब जरासा."

त्या मातीत मयुरीनं कापसाची वेचणी केली होती. त्याच मातीत तिची राख मिसळली होती. गाव सोडताना मागे ठेवलेली ती एकच गोष्ट पुन्हा जवळ आणता आली होती, आणि आता तीच झाडांच्या गळ्याशी बसली होती. आपण झाडांचा जीव घेत होतो, यापेक्षा ही माती उपसावी लागणार याचं त्यांना जास्त दुःख झालं, आणि तसं दुःख झालं याचंही वाईट वाटलं. ते चिखलात बसून लहान मुलासारखे रडले. ईरानं त्यांना रडू दिलं. रोशन दुसरीकडे बघत उभा राहिला.

मग काकांनी डोळे पुसले आणि फावडं मागितलं. "पयलं घमेलं माह्या हातचं," ते म्हणाले.

उतारावरच्या सगळ्या घरांतली माणसं कामाला आली. माती काढताना मुळं दुखवायची नाहीत म्हणून झाडाजवळ हातानंच ओरबाडावं लागत होतं. निघालेली माती फेकायची नाही असं कोणीही न सांगता ठरलं. वस्तीच्या खालच्या अंगाला सपाट तुकडा होता, तिथं ती पसरली. हस्ताचा पाऊस सरल्यावर काकांनी त्यात ज्वारी पेरली. ज्वारीला ती माती अशी मानवली की येवल्यांच्या म्हशी कुंपणाशी ताटकळू लागल्या.

ईरा कूर्गला परत गेली आणि प्रकल्पातल्या मोठ्या माणसांशी भांडली. यंत्र चुकलं असं मान्य करायला कोणी तयार नव्हतं. यंत्र चुकलं नाही, शब्द चुकला, असं तिनं सांगितल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. तहानेच्या टिचक्या दुपारी वाढतात आणि पहाटे थांबतात. गुदमरलेल्या झाडाच्या दिवसरात्र चालू राहतात. हा फरक आकड्यांमध्ये पहिल्यापासून होता, त्याला नाव तेवढं नव्हतं. शेवटी एवढं ठरलं की जांभूळटेकचा निर्णय फुलोऱ्यापर्यंत थांबवायचा. झाडं फुलली तर पट्टा राहील.

हिवाळा काकांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. खालच्या ओळींतली बरीच झाडं वाळून गेली. उरलेल्यांनी जुनी पानं टाकली आणि नुसत्या काड्या घेऊन उभी राहिली. डब्या मधूनच बोलायच्या, कधी एक, कधी दुसरी. आता त्या "चिबडलं" असंही म्हणू शकत होत्या, ईराच्याच आवाजात, आणि तिच्या तोंडचा तो अस्सल वऱ्हाडी शब्द ऐकून रोशन खो खो हसायचा. काका पाणी देत नसत. नळी उचलायला हात शिवशिवायचे, मग ते हात मागे बांधून बागेतून फिरायचे.

होळीनंतर एका संध्याकाळी ढग आले. सगळी वस्ती दारात उभी राहिली. सर आली ती चांगली दमदार आली, उतारावरून वाहिली आणि निचरून गेली. त्यानंतरचे दिवस काकांनी कळ्या चाचपण्यात घालवले. आणि एका सकाळी रोशनची बायको हाका मारत आली म्हणून ते बाहेर पडले, तर बाग पांढरी झाली होती. सगळी नाही. खालच्या ओळी ओक्याबोक्याच होत्या. पण वरचा अर्धा उतार फांदीफांदीला फुलला होता आणि मोगऱ्यासारखा वास पार रस्त्यापर्यंत गेला होता. रोशनच्या बागेत तर पानं दिसत नव्हती.

"राह्यला रे पट्टा," काका म्हणाले. "राह्यला." त्यांनी रोशनला मिठी मारली. रोशननं खोडी काढायच्या ऐवजी त्यांच्या पाठीवर थोपटलं.

प्रकल्पाची माणसं येऊन फुलोरा पाहून गेली. नव्या नकाशात जांभूळटेक पट्ट्याच्या आत होतं, अगदी काठाला, पण आत. त्या संध्याकाळी वस्तीत जेवण झालं. माणसं पांगल्यावर काका एकटेच बागेत शिरले. सवयीनं त्यांनी एका डबीचं बटण दाबलं. डबी गप्प होती. पुढचं झाड, त्याचीही डबी गप्प. ओळीच्या टोकापर्यंत ते बटणं दाबत गेले आणि एकाही झाडाला काही सांगायचं नव्हतं. एवढी सुखाची गोष्ट होती. पण बाग इतकी रिकामी काकांना कधी वाटली नव्हती.

मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"बाबा?" ईराचा आवाज धास्तावलेला होता. "काय झालं? झाडांना काही झालं का?"

"झाडाईले काही नाई झालं," काका म्हणाले. "तू जेवली का?"